इम्पालाचं २८३ इंजिन: कॅम, कॉम्प्रेशन आणि लिफ्टरच्या नोंदी

१५ जून २०२४

काकांची इम्पाला आज एकदाची वर्कशॉपला पोचली. नौपाड्यातून तुर्भ्यापर्यंत फ्लॅटबेडवर आणली, ऐरोलीच्या सिग्नलला बाइकवाले थांबून फोटो काढत होते. १९६५ ची चार दरवाजांची गाडी, २८३ घनइंचाचं व्ही-८ इंजिन आणि दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५४ लाच बंद झाला, त्यामुळे त्यानंतरच्या असल्या गाड्या आपल्याकडे मोजक्याच आल्या, काकांच्या वडिलांनी ही एका परदेशी साहेबाकडून सेकंडहँड घेतलेली आणि तेव्हापासून घरातच आहे.

तक्रार अशी की डाव्या बाजूने टकटक, चढावर दम नाही, स्लोला मिसिंग. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी इंजिन पूर्ण उघडून केलं होतं, त्यानंतर गाडी जेमतेम हजार किलोमीटर चालली. मी कव्हर काढून सेल्फ मारला तर ३ आणि ५ नंबर सिलिंडरचे एक्झॉस्ट रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे आडवे हात) नुसते जागच्या जागी थरथरत होते, बाकीचे व्यवस्थित उघडत होते. तेव्हाच कळलं की टॅपेट सेटिंगचं काम नाही हे, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅम गेलाय.

१८ जून

रेडिएटर, टायमिंग कव्हर, इनटेक मॅनिफोल्ड काढून कॅम बाहेर घेतला. दोन लोब (कॅमवरचे उंचवटे) गेलेत, उंची निम्म्यावर आलीय, नख फिरवलं तरी लागतं. १६ लिफ्टर (लोबवर टेकून पुशरॉड, म्हणजे रॉकरपर्यंतचा दांडा, वर ढकलणारी नळकांडी) काढून ओळीने मांडले, प्रत्येकावर मार्करने नंबर टाकला. मग हेल्पर पोराला एक गोष्ट दाखवली जी प्रत्येकाने एकदा डोळ्याने बघायला पाहिजे. दोन लिफ्टर तळाला तळ लावून धरायचे आणि उजेडासमोर न्यायचे. नवे असतील तर मधोमध टेकतात आणि कडेने बारीक उजेड दिसतो, किंचित डुगडुगतात, कारण लिफ्टरचा तळ दिसायला सपाट असला तरी त्याला एकदम हलका फुगवटा दिलेला असतो. आमचे उलटे होते, कडा टेकलेल्या आणि मध्ये उजेड. म्हणजे तळ खोल झालाय.

हा फुगवटा कशासाठी तर लोबलाही किंचित उतार असतो, दोन्ही मिळून लिफ्टर कॅमवर घासत न जाता स्वतःभोवती फिरत राहतो. फिरणं थांबलं की एकाच जागी घासतो आणि मग कितीही ऑइल असू दे, काही दिवसांत लोब खातो. मागच्या वेळी नवा कॅम टाकून जुनेच लिफ्टर परत बसवले असणार, तेही कुठला कुठे होता ते न बघता. जुना लिफ्टर जुन्या कॅमवर, ज्या भोकातून निघाला त्याच भोकात, एवढंच चालतं. नव्या कॅमला नवेच लिफ्टर, यात पैसे वाचवायला जाऊ नये.

२२ जून

लोबचा सगळा चुरा ऑइलमध्ये फिरलाय. मेन आणि बिगएंड बेअरिंगवर बारीक रेघा आहेत, क्रँक मात्र वाचला. ब्लॉक वागळे इस्टेटच्या लेथवाल्या दादांकडे पाठवला, गॅलरीचे, म्हणजे ऑइलच्या वाहिन्यांचे, सगळे प्लग काढून आतून ब्रश मारायला सांगितलं. बोअर आधीच ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज झालेत आणि मापात आहेत, फक्त होनिंग.

२९ जून

आज एक खोका आला. काकांचा पुतण्या अमेरिकेत असतो, त्याने प्रेमाने कॅम आणि लिफ्टर दोन्ही पाठवलेत, ड्युटीचे पैसे काकांनी भरले. कॅम मोठा आहे, कार्डवर इनटेक ड्युरेशन २८८ डिग्री, म्हणजे क्रँक तेवढा फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा. लिफ्टर ऱ्होड्सचे, म्हणजे मुद्दाम जास्त ऑइल गळू देणारे. पुतण्याला तिकडे कोणीतरी सांगितलं की कॉम्प्रेशन कमी असलं तरी मोठा कॅम घाल, ऱ्होड्स सांभाळून घेईल.

काका खूश आहेत, फोनवर म्हणाले आता आवाज येईल बघ. मी म्हटलं काका, आधी मला इंजिन मोजू द्या, मग सांगतो.

६ जुलै

आज दिवसभर फक्त मोजमाप. बाहेर असा पाऊस की एमआयडीसीच्या रस्त्यावर घोट्याएवढं पाणी, गिऱ्हाईक कोणी येणार नव्हतं, निवांत झालं.

जुन्या पुस्तकात १९६५ च्या १९५ हॉर्सपॉवरवाल्या २८३ चं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, ९.२५ दिलंय, पण हेड साठ वर्षांत किती वेळा व्हॉल्व्ह ग्राइंड होऊन खोल गेलं, पिस्टन कुठले टाकले, गॅस्केट कुठली, यावर खरा आकडा ठरतो. म्हणून हेडवर ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून ठेवली आणि ब्यूरेटने रंगीत स्पिरिट सोडलं. आठही चेंबर ६४ सीसीच्या आसपास भरले. पिस्टनच्या खाचा ४ सीसी. पिस्टन टॉपला आला की ब्लॉकच्या पातळीपेक्षा २५ थाऊ खाली राहतो, त्याचे ४.९ सीसी. जुनी गॅस्केट दाबल्यावर १ मिलिमीटर, तिचे ८.२ सीसी. बेरीज ८१.१. बोअर ९९.१९ मिलिमीटर, स्ट्रोक ७६.२, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टनच्या प्रवासाची जागा ५८८.८ सीसी. कॉम्प्रेशन निघालं ८.२६.

हा झाला कागदावरचा आकडा. पण पिस्टन खाली पोचून परत वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो, तो बंद होईपर्यंत काही दाबलं जात नाही, उलट थोडं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये जातं. खरं दाबणं व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सुरू होतं. हा २८८ चा कॅम कार्डप्रमाणे १०६ वर बसवला (इनटेक सेंटरलाइन, म्हणजे पिस्टन टॉपनंतर १०६ डिग्रीला इनटेक सर्वात जास्त उघडा) तर इनटेक बंद होतो पिस्टन तळाला पोचल्यानंतर ७० डिग्रीने. ५.७ इंची कनेक्टिंग रॉड धरून हिशोब केला तर तेव्हा पिस्टनचा ७६ मधला फक्त ५५.६ मिलिमीटर प्रवास उरलेला असतो. म्हणजे खरं कॉम्प्रेशन ६.३.

दोनदा केला हिशोब. ६.३ म्हणजे स्लोला इंजिन झोपलेलं. रेस दिल्यावर आत येणाऱ्या हवेचा जोरच तिला आत कोंबतो, तेव्हा हा आकडा तितका लागू राहत नाही हे खरं, पण काकांची गाडी राम मारुती रोडवर आणि घोडबंदरला चालणार आहे, दोन गिअरच्या ऑटोमॅटिकवर, ड्राइव्हमध्ये ब्रेक दाबून पाचशे-सहाशे आरपीएमवर उभी राहणार.

९ जुलै

लिफ्टरचं नीट लिहून ठेवतो, पोराला समजावताना माझंच जास्त स्पष्ट झालं.

हायड्रॉलिक लिफ्टरच्या आत एक प्लंजर असतो, खाली स्प्रिंग आणि चेक व्हॉल्व्ह. लिफ्टर लोबच्या गोल भागावर असताना ऑइल आत शिरतं आणि पुशरॉडमधली सगळी ढिलाई भरून काढतं. लोब वर ढकलायला लागला की चेक व्हॉल्व्ह बंद, आतलं ऑइल कोंडलं जातं आणि लिफ्टर घट्ट दांड्यासारखा वागतो. पण पूर्ण घट्ट कधीच नाही, प्लंजर आणि बॉडीमधल्या बारीक फटीतून थोडं ऑइल गळतंच. साध्या लिफ्टरमध्ये ही गळती अगदी मापात ठेवलेली असते. ऱ्होड्समध्ये प्लंजरला मुद्दाम खाच दिलीय, जास्त गळायला.

आता यात गंमत वेळेची आहे. २८८ डिग्रीचा लोब ६०० आरपीएमला ८० मिलिसेकंद लिफ्टरवर दाब ठेवतो, ३५०० ला फक्त १४ मिलिसेकंद. म्हणजे स्लोला गळायला भरपूर वेळ, लिफ्टर थोडा खचतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि लवकर बंद होतो. रेसमध्ये गळायला वेळच नाही, कॅम पूर्ण कामाला लागतो. कंपनी सांगते स्लोला १० ते १५ डिग्री ड्युरेशन आणि २० ते ३० थाऊ लिफ्ट कमी होते आणि साधारण ३५०० च्या पुढे लिफ्टर नेहमीसारखा. कल्पना खरंच हुशार आहे, मला आवडते. घड्याळासारखी टिकटिक येते स्लोला, ती त्याची खूणच आहे, बिघाड नाही.

मी १२ डिग्री लवकर बंद होतो असं धरलं, म्हणजे ७० च्या जागी ५८. खरं कॉम्प्रेशन ६.३ वरून ६.९. फायदा आहे, नाही असं नाही. पण २५६ डिग्रीचा साधा छोटा कॅम घेतला तर तो १०६ वर बसवून ५४ डिग्रीलाच बंद होतो, साध्या लिफ्टरवर, काहीही न गळता ७.०८. आणि तो सगळ्या स्पीडला तसाच वागतो, गरम ऑइल असो की थंड. ऱ्होड्सचं काम ऑइल किती पातळ आहे त्यावर चालतं. आपल्याकडे २०डब्ल्यू-५० टाकायची सवय, सकाळी थंड असताना ते जाड, गळत नाही, इंजिन मोठ्या कॅमसारखं खडखडत चालणार, तासभर ट्रॅफिकमध्ये तापल्यावर जास्त गळणार आणि वेगळंच वागणार. कार्ब्युरेटरचं स्लो सेटिंग मग कुठल्या अवस्थेला करायचं?

१४ जुलै

काका आले होते, येताना मामलेदारची मिसळ पार्सल आणली. खाऊन झाल्यावर वही दाखवली.

काका म्हणाले, "अरे पण मग कॉम्प्रेशन वाढव ना, हेड कापून घे."

तोही हिशोब कागदावर केला होता मी. ब्लॉकवरून अर्धा मिलिमीटर काढला आणि पातळ स्टीलची गॅस्केट टाकली तर कागदावरचं ९.१४ होतं, तरी २८८ च्या कॅमवर खरं फक्त ६.९४. एवढं मूळ लोखंड कापून तिथेच येऊन थांबणार जिथे लिफ्टर गळवून आलो होतो. हे ऐकून काका जरा गप्प झाले.

"म्हणजे पोराने पाठवलेलं वाया?"

मी म्हटलं वाया नाही, या इंजिनाला नाही एवढंच. कॅम हा कॉम्प्रेशन बघून निवडायचा आणि लिफ्टर कॅम बघून, आपण उलट्या बाजूने चाललोय, हातात लिफ्टर आहे म्हणून त्याला इंजिन शोधतोय. शिवाय ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर आहे. या २८८ वर स्लोला ९-१० इंचापेक्षा (पाऱ्याच्या) जास्त व्हॅक्यूम मिळेल असं मला वाटत नाही, ऱ्होड्स टाकून १२-१३. कापूरबावडीच्या उतारावर एवढी जड गाडी थांबवायचीय, मला त्यात धोका पत्करायचा नाही. हे शेवटचं त्यांना पटलं. निघताना म्हणाले, "तू बाबांची गाडी आहे असं समजून कर." मी तसंच करतोय.

२० जुलै

ठरलं. २५६ डिग्रीचा कॅम, त्याच कंपनीचे साधे हायड्रॉलिक लिफ्टर, मूळ मापाचे स्प्रिंग आणि ०.४ मिलिमीटरची स्टील गॅस्केट. ब्लॉक कापायचा नाही, फक्त पृष्ठभाग सरळ करून घ्यायचा कारण पातळ गॅस्केटला वाकडेपणा अजिबात चालत नाही. गॅस्केटचे ४.९ सीसी वाचले, एकूण ७६.२ सीसी, कागदावर ८.७३ आणि खरं ७.४७. साध्या ९१ ऑक्टेनवर लोखंडी हेडला मी साडेसातच्या आसपास थांबतो, त्यापुढे मे महिन्यातल्या दुपारी नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याची, भीती वाटते.

पातळ गॅस्केटचा अजून एक फायदा लोक विसरतात. पिस्टन टॉपला आला की हेडच्या सपाट भागापासून किती अंतर राहतं ते बघायचं. जुन्या गॅस्केटवर १.६ मिलिमीटर होतं, आता १ मिलिमीटर जरा वर. एवढ्या कमी फटीतून मिश्रण जोरात चेंबरमध्ये फेकलं जातं, जळणं भराभर होतं, म्हणजे कॉम्प्रेशन वाढूनही नॉकिंगचा धोका उलट कमी.

१७ ऑगस्ट

पार्सल आलं. लिफ्टर नवे आहेत म्हणून डोळे झाकून टाकायचे नाहीत. सोळाच्या सोळा बॉडी मोजल्या, ०.८४२ इंच, म्हणजे २१.३९ मिलिमीटर, भोकात स्वतःच्या वजनाने सावकाश खाली जातात, अडकत नाहीत. तळाचा फुगवटा बघितला. एक उघडून आतलं पॅकिंगचं चिकट ऑइल, चेक व्हॉल्व्ह, सर्कलिप सगळं तपासलं.

मग गळती. मशीन नाही आपल्याकडे, ड्रिल प्रेसच्या हँडलला वजन लटकवून लिफ्टरवर साधारण २० किलोचा दाब येईल असं केलं, आत डिझेल मिसळून पातळ केलेलं ऑइल भरलं आणि मोबाइलवर सेकंद मोजले. आकड्याला स्वतःचा अर्थ नाही, फक्त एकमेकांशी तुलना. चौदा लिफ्टर ३० ते ४० सेकंदांत बसले, एक ११ आणि एक ९. धुऊन परत केलं, तेच. हे दोन बाजूला ठेवले, दुकानदाराला व्हिडिओ पाठवला, त्याने बदली द्यायचं कबूल केलं. एकाच इंजिनात दोन सिलिंडर वेगळ्या वेळी बंद होणारे मला नकोत, स्लोला तेच मिसिंग म्हणून दिसतं आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो.

२४ ऑगस्ट

वाशीचे एक जण आले, त्यांच्याकडे ३२७ इंजिन आहे, चार गिअरचं मॅन्युअल, कॉम्प्रेशन १०.५. काकांचा खोका त्यांनी शेल्फवर बघितला आणि म्हणाले कॅम आणि लिफ्टर दोन्ही मला द्या, काकांना सांगा काय ते पैसे.

त्यांच्या इंजिनाचा हिशोब तिथेच बसून केला. बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.२५, वरची जागा ७०.४ सीसी. २८८ चा कॅम, ७० डिग्रीला बंद, खरं कॉम्प्रेशन ८ ला जरा कमी. ९५ ऑक्टेनवर सुंदर चालेल, याच इंजिनाला हा कॅम हवा होता. पण तेच ऱ्होड्स टाकले तर स्लोला आणि कमी रेसला ५८ डिग्रीला बंद, खरं कॉम्प्रेशन ८.७७. आणि कमी रेसवर लोड टाकला, तिसऱ्या गिअरमध्ये पारसिक हिलच्या चढाला पाय दाबला की नेमकं तिथेच नॉकिंग. जे लिफ्टर एका इंजिनाला औषध तेच दुसऱ्याला दुखणं.

म्हणून कॅम दिला, लिफ्टर दिले नाहीत. ते जरा नाराज झाले, सेट तोडता कशाला म्हणाले. मी म्हटलं साधे नवे लिफ्टर घ्या, सहा-साडेसहा हजार आरपीएमला पंप-अप होऊ नयेत म्हणून स्प्रिंग नीट घ्या. स्प्रिंग कमजोर असेल तर व्हॉल्व्ह लोबच्या मागे राहतो, मध्ये फट पडते, लिफ्टरला वाटतं ढिलाई आहे आणि तो फुगून ती भरतो, मग व्हॉल्व्ह बसतच नाही. लोक लिफ्टरला शिव्या देतात पण तो त्याचं काम करत असतो, चूक स्प्रिंगची असते.

२१ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. बदली लिफ्टर आलेत, दोन्ही ३५ सेकंदांच्या आसपास. ब्लॉक आला, क्रँक, पिस्टन बसवले. पितृपक्ष आहे म्हणून काका म्हणाले जुळवाजुळव कर पण इंजिन चालू नको करू, तसाही वेळ आहे.

डिग्री व्हील लावून कॅम तपासला, इनटेक सेंटरलाइन १०६.५ आली, ठेवली तशीच. लोबवर आणि लिफ्टरच्या तळाला मॉलीची पेस्ट, बाजूंना फक्त साधं ऑइल, पेस्ट बाजूला लागली तर लिफ्टर फिरायला अडखळतो.

२९ सप्टेंबर

पुशरॉड आणि प्रीलोड (लिफ्टरचा प्लंजर किती आत दाबून ठेवायचा ते). मूळ पुशरॉड ७.७९४ इंचाचे. गॅस्केट पातळ झाली, हेडवर हात फिरलाय, नव्या कॅमचा गोल भाग जुन्यापेक्षा किंचित लहान, हे सगळे फरक कधी एकमेकांना खातात कधी मिळून वाढतात. म्हणून व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर लावून रॉकर फिरवून खूण बघितली, मध्यावर येतेय, मूळ लांबीच चालेल.

सेटिंग एकेका सिलिंडरचं. एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक सेट करायचा, इनटेक पूर्ण उघडून जवळपास बंद होत आला की एक्झॉस्ट. लिफ्टर कोरडे असताना केलं, ढिलाई संपल्याचा क्षण हाताला स्पष्ट कळतो. पुशरॉड बोटाने फिरवून बघायची पद्धत आहे पण तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नये, ऑइल लागलेला पुशरॉड ढिलाई संपल्यावरही फिरत राहतो. वर-खाली हलवून बघायचं.

मग नट किती फिरवायचा? पुष्कळ जण सरळ एक पूर्ण फेरा देतात. स्टडला इंचाला २४ आटे, एका फेऱ्यात नट १.०६ मिलिमीटर खाली जातो, पण रॉकर १.५ चा आहे (व्हॉल्व्हकडची बाजू दीडपट लांब) आणि व्हॉल्व्हकडचं टोक जागेवर असतं, त्यामुळे पुशरॉडकडचं टोक १.७६ मिलिमीटर जातं. प्लंजर इतका खोल बसला की लिफ्टरला फुगायला जागाही तेवढीच मोठी. मी अर्धा फेरा दिला, प्लंजर साधारण ०.८८ खाली. पुढे झीज होण्याइतकी जागा आहे आणि जास्तीची नाही.

५ ऑक्टोबर

ऑइल प्रायमिंग. या इंजिनाचा ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या टोकावर चालतो, जुन्या डिस्ट्रिब्युटरचा गिअर काढून मी एक टूल बनवलंय, त्याची बॉडी तशीच ठेवली कारण लिफ्टर गॅलरीचं ऑइल तिच्या खाचेतून जातं, नुसती सळई घालून ड्रिल लावलं तर ऑइल तिथेच सांडतं आणि उजव्या बाजूला पोचतच नाही. क्रँक थोडा थोडा फिरवत ड्रिल चालवलं, सोळाही रॉकरवर ऑइल आलेलं बघितलं. ऑइल डिझेल गाड्यांचं सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४०, शिवाय ब्रेक-इनचं झिंकवालं ॲडिटिव्ह. आताच्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी फॉस्फरस कमी केलाय, असल्या घासणाऱ्या लिफ्टरला ते पुरत नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पाने-गेज सगळं मांडून पूजा, बॉनेटवर झेंडूचं तोरण. काका, काकू, लेथवाले दादा, सगळे आले. टायमिंग आणि कार्ब्युरेटर आधीच भरून सेट केला होता कारण सेल्फ मारत बसायचं नव्हतं, पेस्ट पुसून जाते. दुसऱ्या हाकेला चालू झालं आणि लगेच २००० च्या वर नेलं, स्लोला अजिबात येऊ दिलं नाही. कमी रेसमध्ये लोबवर दाब जास्त आणि क्रँकने उडवलेलं ऑइल कमी, नवा कॅम पहिल्या काही मिनिटांतच मरतो. २००० ते २५०० च्या मध्ये वर-खाली करत पंचवीस मिनिटं. समोर पंखा लावला होता, काका सारखे तापमानाचा काटा बघत होते.

मी एका बाजूचं कव्हर आधी काढून, वरून कापलेलं जुनं कव्हर लावलं होतं, पुशरॉडवर मार्करची रेघ. चालू असताना आठही पुशरॉड सावकाश फिरताना दिसले. मागच्या वेळी हेच कोणी बघितलं नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी ॲक्सिलरेटर सोडला. ६०० वर बसलं, एकही टकटक नाही. काकू म्हणाल्या, "बंद पडली का?" काकांनी डोळे पुसले.

१३ ऑक्टोबर

ऑइल काढलं, फिल्टर कापून कागद पसरला. पेस्टचा राखाडी रंग आहे, चमकणारा कण एकही नाही, चुंबकाला थोडी धूळ. नवं ऑइल, नवा फिल्टर. गरम इंजिनवर क्रँकिंग प्रेशर १४५ ते १५० पीएसआय, आठही सिलिंडर या पाचाच्या आत. व्हॅक्यूम न्यूट्रलला १७.५ इंच, ड्राइव्हमध्ये १५.

२७ ऑक्टोबर

३०० किलोमीटर झाले. आज काकांसोबत घोडबंदरला गेलो, गायमुखच्या घाटात नेहमीसारखी ट्रकची रांग, दोन-तीन किलोमीटर रांगत चढायचं होतं. पाऊण तास लागला, तापमान स्थिर, ड्राइव्हमध्ये ब्रेकवर उभी असताना पेडल घट्ट, चढावर नुसतं ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी पुढे सरकत होती. वरच्या गिअरमध्ये कमी रेसवर मुद्दाम पाय दाबून बघितलं, नॉकिंग नाही. टायमिंग दोन डिग्री पुढे घेता येईल असं वाटतंय, थंडीत बघू.

काकांनी परत येताना एकदाच विचारलं, मोठ्या कॅमने जास्त पळाली असती का. मी म्हटलं साडेचार हजाराच्या पुढे हो. ते म्हणाले मी साडेचार हजाराला कधी नेलीच नाही.

१६ नोव्हेंबर

वाशीवाल्यांचं ३२७ चालू झालं, २८८ चा कॅम, साधे लिफ्टर, जास्त ताकदीचे स्प्रिंग. स्लोला ८५० वर छान डुलतं, ११ इंच व्हॅक्यूम, त्यांच्या ब्रेकला बूस्टर नाही त्यामुळे अडचण नाही. पाम बीचला फिरवून आणलं, ३००० च्या पुढे जे खेचतं ते ऐकून मला पुतण्याला फोन करावासा वाटला, केला, त्याला आवाज ऐकवला.

इम्पालाचं ५०० किलोमीटरचं ऑइल बदललं. कव्हर काढून प्रीलोड परत तपासला, सोळापैकी एकाही नटला हात लावावा लागला नाही. ऱ्होड्सचा खोका ऑइल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय, वर लिहिलंय: कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय देऊ नये.